खारीत पाणी मुरवायचे कुठे?

मे महिना लागला की पावसाआधी भोगवटा प्रमाणपत्र हाती पडावे म्हणून सगळ्यांची धावपळ सुरू होते, आणि त्याच सुमारास मानखुर्द, मंडाळे, गोवंडी पट्ट्यात काम करणाऱ्या सभासदांच्या पत्रांचा ओघ आमच्याकडे वाढतो. तक्रार दरवर्षी तीच. भूखंड खाडीकाठच्या भरावावरचा, कमरेइतके खणले की खारे पाणी लागते, आणि मंजुरीच्या टेबलावर मागणी होते ती शोषखड्ड्याची. खड्डा दाखवला नाही तर फाइल पुढे सरकत नाही आणि दाखवला तर तो जुलैत तुडुंब भरून अंगणात उलटतो. सोसायटी मग कंत्राटदाराला धारेवर धरते. दोन पावसाळ्यांनंतर त्या खड्ड्यावर लादी बसते आणि जलसंधारण म्हणजे निव्वळ कागदी उपचार, असे रहिवाशांचे मत कायमचे होऊन बसते. हे शेवटचे नुकसान सर्वांत मोठे आहे.

मुळात नियम वाईट नाही. मुंबईत 2002 साली 1,000 चौरस मीटर व त्यावरच्या भूखंडांवरील नव्या बांधकामांना पाऊसपाणी संकलन सक्तीचे झाले, 2007 मध्ये ती मर्यादा 300 वर आली आणि ‘विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली 2034’ने ती 500 वर नेली. या चढउतारावर आपल्यात पुष्कळ चर्चा झाली, पण तिच्या गडबडीत मुख्य गोष्ट नजरेआड झाली. नियमाने एकाच रचनेचा हट्ट कुठेही धरलेला नाही. उघडी विहीर, कूपनलिकेचे पुनर्भरण, भूमिगत टाकी, शोषखड्डे व चर असे पर्याय त्यात आहेत, आणि क्षमता राखून वेगळी रचना मंजूर करण्याची मुभाही आहे. हट्ट आहे तो नमुना-नकाशाचा. तीच वीट, तीच 40 मिलिमीटरची खडी, वर रेती आणि मधोमध एक भोक पाडलेला पाइप: बोरिवलीच्या मुरमात काढलेले हे रेखाटन मानखुर्दच्या चिखलात जसेच्या तसे चिकटवले जाते. टेबलावरच्या माणसाला ते ओळखीचे वाटते म्हणून तो सही करतो, आणि सही लवकर मिळते म्हणून आपले लोकही तेच जोडतात.

या प्रकारातला खरा कळस त्याच फाइलमध्ये पाहायला मिळतो. पायाच्या आराखड्यासाठी भू-तांत्रिक अहवाल जोडलेला असतो. त्यातली बोअरची नोंद उघडून पाहा. वर राडारोड्याचा भराव, खाली निळसर काळी चिकण गाळमाती, तिच्याखाली कुठेतरी मुरूम आणि मग काळा खडक. पाण्याची पातळी जमिनीपासून मीटर-दीड मीटरवर. या नोंदीवर विसंबून स्ट्रक्चरल सल्लागार पाइल खडकापर्यंत नेतो, म्हणजे ही माती भरवशाची नाही हे फाइलला पूर्ण ठाऊक असते. मग काही पाने उलटली की त्याच मातीत दर तासाला अमुक लिटर पाणी मुरेल असे दाखवणारा खड्डा येतो. दोन्ही पानांवर शिक्के आहेत, आणि ती दोन पाने शेजारी ठेवून वाचण्याची तसदी कोणी घेतलेली नाही. अशा मातीतला खड्डा उघडा पडला असेल तर एकदा वाकून बघावा. कुजका वास येतो, बाजू बोटाला लोण्यासारख्या लागतात, आणि कडेला सुकलेल्या ढेकळांवर मिठाची पांढरी बुरशी धरलेली असते. तिथे सोडलेले गच्चीचे पाणी खाली जात नाही. ते वरच्या भरावातून आडवे पसरते, फरसबंदीखालची बारीक माती घेऊन निघून जाते, आणि मग प्लिंथलगतचे अंगण का खचले याचा शोध सुरू होतो. माती आणि पाणी दोन्ही राखायला काढलेल्या खड्ड्याने दोन्ही घालवलेली असतात.

यावर एक आक्षेप हमखास येतो आणि तो पोकळ नाही: गोडे पाणी जमिनीत सोडले तरच खारे पाणी मागे हटेल, म्हणून खाडीकाठी पुनर्भरण अधिकच हवे. तत्त्व बरोबर आहे. पण खाऱ्या पाण्यावर गोड्याचा थर उभा राहायला समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची उंची टिकावी लागते आणि पाणी वाहून नेणारी माती लागते. भरतीच्या पातळीला आलेल्या खारीत यातले एकही नसते. हे तत्त्व महापालिकेच्या याच एम-पूर्व विभागात तुर्भ्याच्या टेकडीच्या पायथ्याला किंवा जुन्या गावठाणांच्या उंचवट्यावर, जिथे मुरूम लागतो, तिथे लागू पडेल. तिथे विहिरी असतील तर त्यांचे पुनर्भरण अगत्याने करावे. टेकडीच्या उतारावर तर प्रश्नच उलटा आहे. 18 जुलै 2021 च्या पावसात चेंबूरच्या वाशी नाक्याला भारतनगरात संरक्षक भिंत घरांवर कोसळून पंधराहून अधिक माणसे गेली. अशा उतारावर भिंतीमागे पाणी मुरवण्याचा सल्ला देणारा माणूस आपल्या व्यवसायात नको. तिथे वरून चर आणि भिंतीला पाणी निघायची भोके हवीत, आणि ती गाळाने बुजलेली नसावीत. एका विभागात तीन तऱ्हेची जमीन आहे आणि नकाशा एकच, हा आमचा वाद आहे.

खारीतल्या भूखंडाला उत्तर आहे टाकी. टाकी आठ महिने रिकामी पडते आणि पहिल्या मुसळधारेला वाहू लागते, असे बिल्डर सांगतात. हिशेब करू. 200 चौरस मीटरची गच्ची, 0.8 चा गुणांक, सांताक्रूझचा मोसमी पाऊस सुमारे 2,300 मिलिमीटर: म्हणजे हंगामात 3,68,000 लिटर. सोळा घरे, ऐंशी माणसे, फ्लशिंगला माणशी 45 लिटर धरले तर रोज 3,600 लिटर लागतात, आणि चार महिन्यांची ही गरज गच्चीच्या सगळ्या पाण्यापेक्षाही जास्त भरते. 20,000 लिटरची टाकी एका दमात 125 मिलिमीटर पाऊस सामावते आणि साडेपाच दिवसांत रिकामी होऊन पुढच्या सरीला मोकळी असते. अतिवृष्टीच्या दिवशी ती वाहील, वाहू द्या. उन्हाळ्यासाठी साठा करणे हे तिचे काम नव्हेच. भातसा-वैतरणेहून शंभर किलोमीटर आणलेले शुद्ध पाणी पावसाळ्यात संडासात ओतले जाऊ नये, एवढ्यासाठी ती आहे. डासांचा मुद्दा खरा आहे, पण झाकण घट्ट, ओव्हरफ्लोला जाळी आणि पहिल्या पावसाचे पाणी बाजूला काढणारा व्हॉल्व्ह हे सगळे आपल्या हातातले आहे. व्हॉल्व्ह बसवून त्याची चावी कोणाकडे आहे हे सोसायटीला न सांगणारे सभासद आम्हाला माहीत आहेत. त्यांनी यंदा सांगावे.

प्रत्येक भूखंडाची माती तपासत बसायला आमच्याकडे माणसे कुठे आहेत, असे अधिकारी म्हणतात. नवी माणसे लागत नाहीत. भू-तांत्रिक अहवालातली पाण्याची पातळी आणि मातीचा थर या दोन ओळी संकलनाच्या नकाशावर उतरवून घ्याव्यात, आणि चिकण गाळमाती असेल तिथे टाकी हाच मूळ पर्याय धरावा. याला नियमदुरुस्तीही नको, एक परिपत्रक पुरे.

पण परिपत्रकाची वाट पाहत बसायचे नाही. मानखुर्द, गोवंडी, देवनार, तुर्भे इथे काम करणाऱ्या प्रत्येक सभासदाने या हंगामात निदान एका भूखंडावर पाणी मुरण्याची चाचणी घ्यावी, आणि ती दोनदा घ्यावी. मेमध्ये पातळी तळाला गेलेली असते, त्यामुळे बहुतेक खड्डे मेमध्ये उत्तीर्ण होतात. दुसरी नोंद जुलैच्या अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात, भरतीच्या वेळी घ्या. खड्ड्याची खोली, ओतलेले पाणी, दर अर्ध्या तासाला उतरलेले सेंटिमीटर, भरतीची वेळ, पाण्याचा टीडीएस आणि कापलेल्या मातीचा फोटो एवढे कळवा. पाणी उतरण्याऐवजी चढले तर तेही तसेच लिहा. नोंदी ऑगस्टअखेर कार्यालयात पोहोचल्या तर सप्टेंबरमध्ये, नव्या फाइली टेबलावर येण्याआधी, त्या एकत्र बांधून इमारत प्रस्ताव विभागाकडे देता येतील.