एकच गोटी उरावी म्हणून

ब्रेनविटाची जुनी पाटी आपल्यापैकी अनेकांच्या माळ्यावर असेल. तिच्या गोट्या मात्र हरवलेल्या असतील. तोच खेळ आता मोबाईलवर खेळता येतो. घरे ३३, गोट्या ३२. मधले घर रिकामे. प्रथम गोटीवर बोट टेकवावे, नंतर तिच्या शेजारच्या गोटीपलीकडील रिकाम्या घरावर. ओलांडलेली गोटी बाद होते. उडी आडवी अथवा उभी घ्यावी. तिरकी चालत नाही. ३१ उड्यांनंतर मध्यभागी एकच गोटी उरली, तर डाव पूर्ण जिंकला.

निवृत्तीनंतर कित्येक दिवस माझ्या दोन गोट्या परस्परांपासून दूर उरत. चूक होताच मी ‘मागे’ची खूण दाबी आणि पुढे तिथेच अडकत असे. जर्मन तत्त्वज्ञ व गणितज्ञ लाइब्निट्स हा खेळ उलट्या क्रमाने खेळत असे, हे वाचले आणि बँकेतील दिवस आठवले. सायंकाळी हिशेब जुळला नाही, तर आम्ही खाडाखोड करीत नसू. एकेक व्हाउचर मागे तपासत जात असू.

आता मी डाव संपेपर्यंत ती खूण दाबत नाही. हरल्यावर एकेक उडी मागे घेतो, गोटी कोठे एकाकी पडली ते पाहतो. बहुधा ती कडेच्या बाहूत राहिलेली असते. म्हणून बाहू आधी रिकामे करावेत, उरलेल्या गोट्या एकत्र ठेवाव्यात.

रात्री दुकान वाढवल्यावर नातवंडांसमवेत एक डाव अवश्य मांडावा.