उभ्या ट्रॉलीचं भाडं आणि तुटलेली बोलचाल



आज पिकाबद्दल नाही, व्यवहाराबद्दल लिहितो. चूक माझीही आहे, म्हणून गाव-नाव सांगत नाही.

शेजारच्या भावानं टोमॅटो काढला. जुना मल्चिंग पेपर, फाटक्या लॅटरल, सुतळी असा ढीगभर कचरा निघाला. बांधावर पेटवून न देता त्यानं माझी ट्रॉली मागितली, हे मला आवडलं. बोली ठरली खेपेला ८०० रुपये. दोन दिवसांत भरतो म्हणाला. मी ट्रॉली वावरात उभी केली आन् ट्रॅक्टर घेऊन आलो.

मजूर मिळाले नाहीत. ट्रॉली नऊ दिवस तिथंच. शेवटी तीन खेपा झाल्या. मी हिशोब दिला ४५०० चा: खेपांचे २४०० आणि वरच्या सात दिवसांचे रोज ३०० प्रमाणे २१००. तो म्हणाला, "रोजाचं कधी बोललो आपण?" मी म्हणालो, "ट्रॉली फुकट उभी राहती का?" झालं! त्यानं २४०० सुद्धा थांबवले. पाच महिने एका बांधावर असून राम राम बंद. माझ्या मनात तर त्याचा गाडीरस्ता अडवायचं आलं होतं. बरं झालं, नाही अडवला.

शेवटी आमच्या चुलत्यांनी दोघांना ओट्यावर बसवलं. लोक म्हणत होते, वादाचे पैसे निम्मे-निम्मे करा. आबा म्हणाले, "निम्मं नको, खरं काय बुडालं ते सांग." मला खरं बोलावं लागलं. सातपैकी चार दिवस माझा ट्रॅक्टर नांगरटीला होता, ट्रॉली घरी असती तरी उभीच राहिली असती. तीन दिवसांची भाडी मात्र खरोखर गेली. म्हणजे ९००. एकूण ३३००. त्यानं २००० तिथंच फोनपे केले, उरलेले १३०० पुढच्या पट्टीवर दिले. कागदावर दोघांच्या सह्या झाल्या.

माझं मत असं, निम्मं-निम्मं केलं की दोघांनाही आपण लुटलो गेलो असं वाटतं. खरं नुकसान मोजलं की मन मोकळं होतं.

आणि वाद होऊच नये म्हणून ट्रॉली हलायच्या आधी तीन गोष्टी व्हॉट्सॲपवर टाका: खेपेचा दर, किती दिवस उभी राहणार, आणि त्यापुढं रोजाचे किती. भरलेल्या ट्रॉलीचा फोटो काढा. ज्या रकमेवर वाद नाही ती लगेच द्या. ती अडकवली की माणूस अडून बसतो.

घरात मिटलं नाही तर गावची तंटामुक्ती समिती आहे. तिथंही नाही जमलं तर तालुका विधी सेवा समितीकडं अर्ज करा, कोर्टात दावा न लावताही प्रकरण लोकअदालतीत ठेवता येतं. तिथल्या तडजोडीला कोर्टाच्या हुकुमाचं वजन असतं, वर अपील नाही. फक्त "बघू पुढं" करत बसू नका. अशा येण्याच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते. त्या मुदतीत समोरच्यानं सहीनिशी कबुली दिली, तर तिथून पुन्हा तीन वर्षं धरतात.

परवा त्याच भावानं माझ्या कांद्याला पाणी धरून दिलं. १२०० रुपयांसाठी असा शेजारी घालवणार होतो मी.

तुमच्याकडं उभ्या ट्रॉलीचा रोज धरतात का? किती? खाली लिहा.