आपली गोष्ट कोठून सुरू करावी?

आपल्या वसतिगृहात राहून गेलेली काही मुले-मुली आता अमेरिकेतील महाविद्यालयांकडे अर्ज करू लागली आहेत, ही आनंदाची बाब होय. तेथे गुणपत्रिकेसोबत अनेकदा एक निबंधही मागतात. तुमची पार्श्वभूमी कोणती, तिने तुम्हांला कसे घडविले आणि तुमच्या येण्याने आमच्या विद्यार्थिवर्गात कोणती भर पडेल, असा त्या प्रश्नाचा आशय असतो. जून २०२३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने प्रवेश देताना वंशाचा विचार करण्यास मनाई केली. मात्र वंशामुळे आपल्या आयुष्यात काय घडले हे अर्जदाराने स्वतः लिहिल्यास ते विचारात घेण्याची मुभा ठेवली. साहजिकच या निबंधाचे मोल वाढले आहे.

असे काही मसुदे माझ्याकडे वाचावयास येतात. एका मुलीचा मसुदा हजारो वर्षांच्या अन्यायापासून सुरू झाला होता. त्यातील शब्दन्‌शब्द खरा होता. परंतु ती मुलगी त्यात कोठेच नव्हती. मी विचारले, "बाळ, तू इथे काय केलेस?" ती संकोचून म्हणाली, "विशेष काही नाही, सर. उन्हाळ्यात टँकर यायचा तेव्हा बादल्यांच्या पाळीची यादी माझ्याकडे होती. लहान मुली शेवटी राहायच्या आणि त्यांना पाणी उरायचे नाही. मी यादी उलटी केली." निबंध तेथेच होता!

याबाबत वडीलधाऱ्यांचे दोन सल्ले कानी येतात. कोणी म्हणतात, जात सांगूच नका. कोणी म्हणतात, दुःख जितके अधिक तितके बरे. मला दोन्ही मान्य नाहीत. पहिल्यात स्वतःचा अर्धा भाग पुसावा लागतो. दुसऱ्यात आपल्या आईबापांचे कष्ट दयेच्या बाजारात मांडावे लागतात.

या बाबतीत बाबासाहेबांनी घालून दिलेला वस्तुपाठ आपल्यापुढे आहे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या टिपणांत परक्या वाचकाला अस्पृश्यता समजावताना त्यांनी सर्वसाधारण वर्णनाऐवजी प्रत्यक्ष प्रसंग निवडले. १९०१ साली वडिलांकडे निघालेली मुले चांगले कपडे घालून मसूर स्थानकावर उतरतात. जात कळताच स्टेशनमास्तर मागे सरतो. दुप्पट भाडे देऊन बैलगाडी मिळते, पण ती हाकावी लागते मुलांनाच. जवळ शिदोरी असते, पण पाण्यावाचून रात्र उपाशी जाते. या कथनात दयेची याचना कोठेही नाही. म्हणूनच वाचक अस्वस्थ होतो.

आपल्या मुलांनीही हेच करावे. एकच प्रसंग घ्यावा, तो नेमका सांगावा आणि त्यात आपण काय केले, काय शिकलो, हे लिहावे. पालकांना विनंती, की घरातील गोष्ट लिहिण्यास मुलांना मोकळीक द्या; मात्र जी त्यांना सांगावयाची नाही, तिचा आग्रह धरू नका. माजी विद्यार्थ्यांनी मसुदे जरूर वाचावेत, प्रश्न विचारावेत. परंतु लेखणी हाती घेऊ नये. प्रवेश मिळो अथवा न मिळो, स्वतःची गोष्ट ताठ मानेने सांगता येणे ही या वास्तूने दिलेली शिदोरी आहे, आणि ती मुलांनी स्वतःच्या हाताने सोडावी.