मोरीत जाणारी चांदी

सार्वजनिक द्रव्यातून खरेदी केलेली चांदी आपल्या पुष्कळ महाविद्यालयांच्या आणि पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळांच्या मोरीतून वर्षानुवर्षे वाहून जावी आणि तरीही कोणत्याही दफ्तरात तिची तूट म्हणून नोंद होऊ नये, हा मामला वरवर पाहणाऱ्याला अफरातफरीचा वाटेल. वस्तुतः त्यात कोणाचीही लबाडी नाही, सगळे इमानेइतबारे नियमाप्रमाणे चालले आहे, आणि माझी तक्रार आहे ती नेमकी त्या नियमाविषयीच. हीच चांदी लगडीच्या रूपाने संस्थेत आली असती तर ती तिजोरीत कुलूपबंद झाली असती आणि गुंजभर घटीबद्दलही खुलासा मागितला गेला असता. पण ती येते तपकिरी बाटलीतल्या पांढऱ्या स्फटिकांच्या, म्हणजे सिल्व्हर नायट्रेटच्या रूपाने, आणि बाटलीचे बूच निघाले की तिचे मोल कागदोपत्री संपुष्टात येते.

चांदी नत्राम्लात विरघळवून ते द्रावण आटवले की हा क्षार मिळतो. जुन्या वैद्यकात काडीखार म्हणून तो परिचित होता. चामखीळ किंवा जखमेवर वाढलेले फाजील मांस जाळण्यासाठी त्याच्या कांड्या वापरीत. त्याच्या वजनाच्या शंभर भागांत ६३ हून अधिक भाग निव्वळ चांदी असते. पाण्याशी त्याचे सख्य इतके की खोलीच्या तपमानाला १०० मिलिलिटर पाण्यात २०० ग्रॅमहून अधिक क्षार विरघळतो. परंतु त्या पाण्यात मिठाचा अंश आढळला की चांदी तत्क्षणी क्लोराइडशी संयोग पावून दह्याच्या कवड्यांसारखा पांढरा साका होऊन खाली बसते. पाण्यातील क्लोराइड मोजण्याची सर्वपरिचित रीत याच गुणावर उभी आहे. क्रोमेटने पिवळ्या झालेल्या नमुन्यात ब्युरेटमधून हे द्रावण थेंब थेंब सोडायचे, प्रत्येक थेंबागणिक उमटणारी तांबूस रेषा चंचुपात्र हलवताच विरून जाते, आणि क्लोराइड संपले की पुढच्या एका थेंबाने विटकरी छटा जी येते ती मात्र विरत नाही. तेथे हात थांबवायचा आणि आकडा टिपायचा. आकडा टिपून झाला की पात्र मोरीत उपडे होते. दशांश नॉर्मल द्रावणाच्या एका लिटरात सुमारे १७ ग्रॅम क्षार, म्हणजे १०.८ ग्रॅम, तोळ्याच्या घरातली चांदी असते. पिण्याच्या पाण्यात क्लोराइड लिटरला २५० मिलिग्रॅमच्या आत असावे असे भारतीय मानक सांगते, आणि ते पाहण्यासाठी वापरतात ते द्रावण याहून पुष्कळ पातळ असते खरे. तथापि ही तपासणी नित्याची आहे.

या क्षाराचे मनुष्यजातीवर उपकार थोडे नाहीत. लायप्झिगच्या क्रेडे या प्रसूतिवैद्याने १८८० च्या सुमारास नवजात अर्भकांच्या डोळ्यांत त्याच्या दोन टक्के द्रावणाचा थेंब सोडण्याची प्रथा पाडली आणि जन्मतः होणाऱ्या ज्या नेत्रदाहाने कित्येक मुले आंधळी होत, त्याचे प्रमाण त्याच्या रुग्णालयात शेकडा दहाच्या आसपास होते ते एकाच्याही खाली आले. १८५४ साली मुंबईत स्थापन झालेल्या फोटोग्राफिक सोसायटीच्या सभासदांनी काढलेली चित्रे असोत की फाळक्यांचा १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ असो, प्रतिमा उमटली ती याच क्षारापासून सिद्ध केलेल्या रौप्यलवणांवर. आणि १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून म्हैसूरच्या सरकारी कारखान्यात बनणारी जी शाई मतदाराच्या बोटावर लागते, तिचा प्राण हाच क्षार. कातडीवरच्या मिठाशी आणि उजेडाशी गाठ पडली की तो काळवंडतो आणि नख वाढून कापले जाईपर्यंत साक्ष देत राहतो.

आता हिशेबाकडे वळू. संस्थेच्या भांडारात तराजू, भट्टी, काचकपाट या वस्तू डेडस्टॉक रजिस्टरात चढतात. रसायने मात्र उपभोग्य जिन्नस म्हणून वेगळ्या वहीत जातात, आणि उपभोग्य जिनसेचा कायदा असा की ती भांडारातून वर्गावर दिली गेली की खर्ची पडली. साबणाच्या वडीला हा न्याय योग्यच आहे. चांदीच्या बाबतीत तो सपशेल असत्य आहे, कारण प्रयोगात तिचा एक कणही नष्ट होत नाही. ती केवळ नायट्रेटची क्लोराइड होते आणि तळाशी बसून राहते. पण वहीत ती संपलेली असल्यामुळे तिला मालक उरत नाही. एखाद्या दक्ष प्रयोगशाळा-सहायकाने हा साका साठवून ठेवायचे मनात आणले, तर त्याची आवक कोणत्या खात्यावर दाखवायची आणि लेखापरीक्षकाच्या हरकतीला उत्तर कोणी द्यायचे, असे प्रश्न उभे राहतात. ओतून देणे हेच त्याच्या दृष्टीने निर्धोक ठरते. त्याला दोष देणे मला अन्यायाचे वाटते.

ज्यांच्या वहीत चांदी कधीच संपत नाही असे लोक आपल्याकडे आहेत. सांगली जिल्ह्यातील विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी टापूतून बाहेर पडून भारताच्या शहराशहरांत ज्यांनी भट्ट्या मांडल्या, ते गलाईवाले जुन्या दागिन्यांची चांदी तेजाबात विरघळवतात, त्या निळसर द्रावणात तांब्याच्या पट्ट्या सोडतात, तांबे विरघळत जाते तसतशी चांदी राखाडी भुकटीच्या रूपाने खाली पडते, मग ती धुऊन टाकणखारासह मुशीत आटवतात. सराफ पेठेतला झारेकरी तर दुकानापुढची धूळसुद्धा वाया जाऊ देत नाही. पदवीच्या पुस्तकात ज्याला विस्थापन म्हणतात ते ही मंडळी पोट भरण्यासाठी रोज करतात. मात्र तेजाबातून उठणारा तांबडा धूर कित्येकदा कोंदट खोलीत त्यांच्या छातीत जातो, आणि या धुराचा कावा असा की घशाला किंचित खवखव होऊन माणूस घरी जातो आणि काही तासांनी त्याच्या फुप्फुसांत पाणी भरू लागते. धूर बाहेर खेचणारी चिमणी ही तेथे चैन नव्हे.

बाटली हाताळणाऱ्यानेही काही पथ्ये पाळावीत. स्फटिक काचेवर तोलावेत, कागदावर नव्हे. कापूस, अल्कोहोल यांपासून बाटली दूर ठेवावी, कारण हा क्षार ज्वलनाला जोर देतो. हातमोजे केवळ डाग टाळण्यासाठी नसतात. डोळ्यात थेंब उडाला तर निदान पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याने धुऊन लगेच वैद्य गाठावा. सर्वांत मोठा धोका मात्र बारावीच्या लाडक्या प्रयोगात आहे. अमोनिया घालून केलेले जे टॉलेन्सचे द्रावण परीक्षानळीत चांदीचा आरसा धरते, ते साठवून ठेवले तर त्यात स्फोटक काळा साका तयार होऊ शकतो. ते ताजेच करावे आणि काम होताच आम्ल घालून निकामी करावे. प्रवाहात गेलेल्या चांदीच्या आयनांचे तर लिटरमागे काही मायक्रोग्रॅमसुद्धा काही जातींच्या माशांना मारक ठरतात.

म्हणून माझी सूचना एवढीच की विद्यापीठांनी आणि शिक्षण संचालनालयाने रसायनांच्या वहीत ‘परत जमा’ असा एक रकाना वाढवावा, प्रत्येक प्रयोगशाळेत मिठाचे पाणी घातलेले एक झाकणाचे भांडे रौप्य-अवशेषांसाठी असावे, वरचे क्रोमेटयुक्त पाणी विषारी कचरा म्हणून वेगळे काढले जावे, आणि तळाच्या साक्यापासून जस्त व विरल आम्ल यांच्या साहाय्याने चांदी परत मिळवणे हा पदवीच्या वर्गाचा नेमलेला प्रयोग व्हावा. जेथे हे जमणार नाही तेथे साका तोलून, पावती घेऊन, गलाईवाल्याला विकण्याची परवानगी असावी. सांडपाण्याच्या सीओडी चाचणीचा टाकाऊ द्रव मात्र त्या भांड्यात पडता कामा नये. त्यात रौप्य सल्फेटाबरोबर पाराही असतो, आणि तो साका भट्टीवर चढला तर पाऱ्याची वाफ थेट मुशीवर वाकलेल्या माणसाच्या श्वासात जाईल.