स्मरणशील धातु आणि फिरता शाफ्ट

यंत्राचा शाफ्ट फिरूं लागला, कीं त्याच्या भारांतील गुंजभर वैषम्यही त्यास वांकवूं पाहतें. एका विशिष्ट वेगास हा कंप बेसुमार वाढतो. तोच त्याचा क्रांतिक वेग. १८६९ मध्यें रँकिन यांनीं ही मर्यादा ओलांडणें अशक्य मानिलें. पुढें स्वीडनच्या द लाव्हाल यांनीं लवचीक शाफ्ट वापरून ती ओलांडिली, व १९१९ मध्यें जेफकॉट यांनीं त्याची उपपत्ति सांगितली. परंतु ओलांडतांनाचा धोका राहिलाच.

आतां कार्बनचे तंतु राळेंत बसवून केलेल्या हलक्या शाफ्टांत निटिनॉलच्या तारा घालण्याची युक्ति निघाली आहे. निकेल व टिटॅनियम यांचा हा मिश्रधातु तापविला असतां पूर्वीचा आकार घेतो, आणि त्याचा ताठपणाही सुमारें दुप्पट होतो. वेग वाढवितांना तारा विजेनें तापवाव्या, म्हणजे क्रांतिक वेगच वर सरकतो. इच्छित वेग आल्यावर त्या निवूं द्याव्या, म्हणजे तो खालीं उतरतो व यंत्र त्याच्या पलीकडे निर्वेध चालतें.

युक्ति सुंदर खरी. परंतु राळेंत पुरलेली तार तापते त्वरेनें व निवते सावकाश. त्या अवधींत शाफ्ट धोक्याच्या वेगींच रेंगाळूं शकतो. शिवाय अति उष्णतेनें राळही मऊ पडते. म्हणून आमच्या मतें शाफ्टचा भार नीट तोलणें हें पहिलें कर्तव्य, तारेचें साहाय्य दुसरें. विद्यार्थ्यांनीं नवी विद्या अवश्य शिकावी; पालकांनींही ती शिकवितांना कानस व तराजू यांस हलकें लेखूं नये, अशी आमची विनंति आहे.