भिंतीतला संगणक आणि वर्गातल्या बाई



२६ जानेवारी १९९९ रोजी दिल्लीच्या कालकाजी भागात डॉ. सुगत मित्र यांनी आपल्या कचेरीच्या भिंतीत, झोपडपट्टीकडे तोंड करून, इंटरनेट जोडलेला संगणक बसवला. शिकवणारा कोणी नसताना पोरे एकमेकांना विचारत तो चालवू लागली. प्रयोग मोलाचा होता. परंतु ‘मग शिक्षक हवाच कशाला?’ असे म्हणणारेही त्यातूनच निघाले.

दिल्लीच्याच एका शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या मराठी बाईंशी (त्यांचे यजमान रेल्वेत आहेत) नुकतेच यावर बोलणे झाले. त्या वर्गात अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाचे ‘फेट’ हे इंटरनेटवरील मोफत साधन वापरतात. ते मराठीतही मिळते. पडद्यावर बॅटरी, तारा, दिवे ओढून जोडायचे. बॅटरीची दोन टोके नुसत्या तारेने जोडली, तर चित्रातल्या बॅटरीला ज्वाळा लागतात! पहिल्या दिवशी मुलांनी तासभर आगीच लावल्या. बाई रागावल्या नाहीत. शेवटी म्हणाल्या, “आता दोन दिवे असे पेटवा, की एक काढला तरी दुसरा विझणार नाही.” वर्ग गप्प झाला आणि कामाला लागला. हा प्रश्न यंत्राने विचारलेला नव्हता.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे जिल्हा परिषद शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तो पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणल्याबद्दल, असे आपण ऐकतो. पण मुलांच्या घरची भाषा कन्नड आहे हे ओळखून त्यांनी पुस्तके त्या भाषेत नेली, हे त्याहून अवघड काम.

१९८५ साली नवी दिल्लीत संगणकीय आरक्षण सुरू झाले, तेव्हा खिडकीवरचा माणूस यंत्र शिकला. रांगेतल्या प्रवाशाची अडचण मात्र त्यालाच ऐकून घ्यावी लागली. टपालातल्या बांधवांना हे वेगळे सांगायला नको. म्हणूनच शाळेत यंत्रे येत असतील तर त्यांचे प्रशिक्षण कामाच्या वेळेत हवे, दुरुस्तीला माणूस हवा आणि रिक्त पदे भरली पाहिजेत, ही शिक्षकांची मागणी आम्हांला आपलीच वाटते.

बाईंच्या शाळेत बारा संगणक, चार बंद. माऊस नेहमी त्याच दोन मुलांच्या हाती आणि मुली मागे उभ्या, म्हणून त्यांनी पाळ्या लावल्या आहेत. पुढच्या महिन्यात त्यांना मतदारयादीच्या कामावर जायचे आहे. तेव्हा वर्गावर कोण, हे अजून ठरलेले नाही.