एक गणित कीं दोन गणितें ?

दरवर्षीं नववीचा वर्ग सुरू झाला कीं कोणी ना कोणी पालक आम्हांस एका बाजूस घेऊन विचारतात, "गुरुजी, आमच्या पोराला गणित झेपत नाहीं. त्याच्यापुरतें सोपें गणित नाहीं का कांहीं ?" हा प्रश्न हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. एका वर्गांतील सर्व मुलांची गणितांतील गति सारखी नसते, हें ज्यानें वर्षभर तरी हातांत खडू धरला आहे तो नाकबूल करणार नाहीं. वाद आहे तो याच्या पुढेंच. गति निराळी म्हणून मुलास गणितच निराळें द्यावें, कीं गणित एकच ठेवून त्याची चढण ज्याच्या त्याच्या पावलाप्रमाणें आंखावी ? याविषयीं आमचें मत आम्ही येथें मांडूं इच्छितों.

आपल्या राज्य मंडळानें निराळ्या गणिताचा प्रयोग एकदां करून पाहिला आहे. बीजगणित व भूमिति यांच्याऐवजीं घेतां येईल असा 'सामान्य गणित' नांवाचा हलका विषय कांहीं वर्षें चालू होता. २०१७-१८ पासून नववींत व २०१८-१९ पासून दहावींत तो बंद झाला. तेव्हांपासून मंडळाचे सर्वसाधारण विद्यार्थी बीजगणित व भूमिति यांच्या प्रत्येकी ४० गुणांच्या दोन प्रश्नपत्रिका सोडवितात. सामान्य गणित गेलें म्हणून हळहळणारे पालक आमच्या वाशीम जिल्ह्यांत आजही भेटतात. त्यांची हळहळ आम्हांस समजते. परंतु तिच्यांत पूर्णपणें सामील होणें आम्हांस जमत नाहीं. कारण आमच्याच हातून घडलेली एक चूक आम्ही विसरूं शकत नाहीं.

त्या काळीं मानोऱ्याकडील एका तांड्यावरची मुलगी आमच्या वर्गांत होती. आठवींत आजारामुळें ती दोन महिने गैरहजर राहिली आणि ऋण संख्या व समीकरणें यांतच तिचा पाय अडकला. नववींत तिनें सामान्य गणित घ्यावें असें आम्हींच तिच्या वडिलांस सुचविलें. त्यांनीं आमच्या शब्दावर विश्वास ठेवून अर्जावर सही केली. दहावींत तिला गुणही चांगले पडले. पेढे घेऊन आली तेव्हां ती म्हणाली, "सर, मला सायन्सला गणित घ्यायचें आहे." आम्हांस उत्तर सुचेना. ज्या बीजगणितावर अकरावीचें गणित उभें राहतें तें तिला आम्हीं शिकूंच दिलें नव्हतें. तिची बुद्धि कमी नव्हती. दोन महिन्यांचे धडे कमी होते. दोन महिन्यांच्या उणिवेवर आम्हीं सबंध आयुष्याचा तोडगा काढला होता.

परंतु दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. गणितांत नापास झालेला मुलगा फेरपरीक्षेस बसतो, पुन्हां नापास होतो आणि मग सोयाबीनच्या काढणीस जातो तो शाळेकडे परत येत नाहीं. मुलगी असेल तर घरचे तेवढ्यावरच तिचें शिक्षण आटोपतात. अशा मुलांस 'सर्वांस एकच माप' असें सांगून मोकळें होणें न्यायाचें नव्हे. २०२४ सालच्या राज्य अभ्यासक्रम आराखड्यांत गणित व विज्ञान या विषयांत ३५ ऐवजीं २० गुणांवर उत्तीर्ण करावें, मात्र पुढें हे विषय घेतां येणार नाहींत असा शेरा गुणपत्रिकेवर द्यावा, अशी तरतूद मांडली गेली. हेतु दयेचा असेल. पण त्यानें मुलास गणित येत नाहीं तें नाहींच, आणि वर दार बंद झाल्याची चिठी मात्र हातीं पडते.

मग मधला मार्ग आहे काय ? आहे. केंद्रीय मंडळानें २०२० च्या दहावीच्या परीक्षेपासून गणिताच्या 'प्रमाण' व 'मूलभूत' अशा दोन प्रश्नपत्रिका ठेवल्या. दोहोंचा अभ्यासक्रम एक व पाठ्यपुस्तकही एक. फरक केवळ प्रश्नांच्या काठिण्याचा. मूलभूत परीक्षा दिलेल्यास पुढें गणित घ्यावेंसें वाटलें, तर पुरवणी परीक्षेंत प्रमाण गणित देऊन परत येण्याची वाट मूळ योजनेंतच ठेवलेली होती. इंग्लंडासही हें शहाणपण उशीरानेंच आलें. तेथें सोळाव्या वर्षीं द्यावयाच्या गणिताच्या परीक्षेस पूर्वीं तीन पायऱ्या होत्या. सर्वांत खालच्या पायरीवरील मुलानें सारीं उदाहरणें बिनचूक सोडविलीं तरी, ज्या 'सी' श्रेणीस लोक खरें यश मानीत, ती त्यास मिळूंच शकत नसे. २००८ च्या परीक्षेपासून पायऱ्या दोनच झाल्या आणि खालच्या पायरीवरूनही ती श्रेणी गांठतां येऊं लागली.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेंही विषय दोन पातळ्यांवर ठेवावेत व त्याचा आरंभ गणितापासून करावा, असें सुचविलें आहे. तेव्हां राज्य मंडळापुढें हा प्रश्न आज ना उद्यां येणारच. तो येईल तेव्हां तीन गोष्टी पाळल्या जाव्यात, एवढेंच आमचें मागणें आहे. दहावीपर्यंत पुस्तक व वर्ग सर्वांस एकच असावा. प्रश्नपत्रिकेची निवड नववीच्या आरंभीं न होतां परीक्षेचा अर्ज भरतांना व्हावी. आणि सोपी प्रश्नपत्रिका घेतलेल्यास परत येण्याचा मार्ग कायम मोकळा असावा.

निरनिराळ्या गतीच्या मुलांस एकाच वर्गांत शिकवावें कसें, असें कोणी विचारील. एक उदाहरण घ्या. सोयाबीन व तूर मिळून १० पोतीं आहेत. सोयाबीनचें पोतें ६० किलोचें, तुरीचें ७० किलोचें. एकूण वजन ६४० किलो. तर पोतीं प्रत्येकी किती? एक मुलगा कोष्टक मांडून, आंकडे पालटून पाहत, ६ व ४ या उत्तरास पोहोंचतो. दुसरा दोन समीकरणें मांडून तेंच उत्तर काढतो. तिसऱ्यास आम्ही विचारतों कीं, पोतीं दहाच ठेवलीं तर एकूण वजन कोणकोणतें असूं शकेल ? उदाहरण एकच, फळाही एकच. परंतु तिघांसही डोकें चालवावें लागलें, आणि पहिल्यानें दुसऱ्याची रीत डोळ्यांनीं पाहिली. उद्यां ती त्याची होईल. निराळ्या खोलींत बसविला असता, तर ती त्यास दिसलीही नसती.

पालकांस आमची विनंति आहे कीं, "याला गणित येत नाहीं" हें वाक्य मुलादेखत उच्चारूं नये. कोणत्या इयत्तेंतील कोणता धडा निसटला तें आम्हांस येऊन विचारावें. आणि विद्यार्थ्यांनो, मागें पडल्याची लाज बाळगूं नका. सहावीचे अपूर्णांक दहावींत शिकावे लागले तरी शिका. ती तांड्यावरची मुलगी आज दोन लेकरांची आई आहे. गेल्या जून महिन्यांत थोरल्याचें नांव घालावयास ती आमच्याकडे आली होती. जातांना तिनें एवढेंच म्हटलें, "सर, याला सगळें गणित शिकवा." आम्हीं तिला तसें वचन दिलें आहे.